हंगेरीच्या रब्बींची हस्तलिखित पत्रे

रब्बी हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे शाळू आणि हरभरा उभा राहतो. पण आज ज्या रब्बींविषयी बोलायचे आहे ते शिवारातले नव्हेत. ज्यू लोकांमध्ये धर्मशास्त्र जाणणाऱ्या आणि त्यावर निर्णय देणाऱ्या पंडिताला रब्बी म्हणतात. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘माझे गुरू’ असा आहे. पिकाचा रब्बी अरबीतून आपल्याकडे आला. या रब्बीशी त्याचे काही नाते नाही.

ज्यू लोक मात्र आपल्याला अगदीच परके नाहीत. पूर्वीचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा. तिथे अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला बेने इस्राएल समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या होती. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारी ही मंडळी जो शनिवार पाळत, तोच शनिवार दूर युरोपात हंगेरीतले ज्यूही पाळत. फरक एवढाच, की कोकणात शास्त्र सांगायला रब्बी नव्हते, आणि हंगेरीत मोठ्या गावागावांत होते. हे रब्बी एकमेकांना पत्रे लिहीत. त्या पत्रांची ही हकीकत आहे.

ही पत्रे खुशालीची नव्हेत. ती प्रश्नोत्तरांची आहेत. ज्यूंच्या धर्मनियमांना ‘हलाखा’ म्हणतात. या शब्दात चालण्याचा अर्थ आहे. आपण ‘चालरीत’ म्हणतो तसाच. माणसाने काय खावे, केव्हा काम थांबवावे, लग्न कसे लावावे, उसने पैसे कसे द्यावेत, मेलेल्याला मूठमाती कशी द्यावी, या सगळ्याला त्यात नियम आहेत. मूळ आधार मोझेसच्या पाच पुस्तकांचा. त्यांना ‘तोरा’ म्हणतात. त्यानंतर इसवी सन २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ हा नियमसंग्रह झाला. त्यावर पुढच्या काही शतकांत झालेला खल म्हणजे ‘तालमूद’. पुढे सोळाव्या शतकात योसेफ कारो या पंडिताने सर्व नियम एकत्र मांडले आणि ग्रंथाला नाव दिले ‘शुल्खान आरुख’, म्हणजे ‘मांडलेले पान’. जेवणाऱ्याने बसावे आणि घास घ्यावा, इतकी सोय. हा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला.

आता तुम्ही म्हणाल, पान मांडलेलेच आहे तर मग प्रश्न कसले? पण संसारातल्या अडचणी ग्रंथाला विचारून येत नाहीत. शुक्रवारी कोंबडी साफ करताना तिच्या पोटात सुई सापडली, तर ती शिजवावी की टाकून द्यावी? एवढा प्रश्न गावचा रब्बी तोंडीच सोडवी. बाई कोंबडी घेऊन दारात उभी राही आणि उत्तर घेऊन परत जाई. पण नवरा नदीत वाहून गेला आणि प्रेत मिळाले नाही, तर बायकोने काय करावे? इथे एकट्या माणसाचे धाडस होत नसे. मग तो टाक घेऊन बसे आणि आपल्याहून जाणत्या माणसाला लिही. प्रश्नाला हिब्रूत ‘शएला’ आणि उत्तराला ‘तशुवा’ म्हणतात. हजार वर्षांहून अधिक काळ ज्यू पंडितांनी असे प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहिली.

ही पत्रे दिसायला कशी होती, हे शिक्षक मंडळींना कुतूहलाचे वाटेल. भाषा हिब्रू, मध्येमध्ये तालमुदाची अरामी. अक्षर वळणदार, धावते. आपल्या मोडीसारखे, सवय असेल त्यालाच लागणारे. जागोजाग संक्षेप. माथ्यावर तारीख असे, पण ती बहुधा आपल्या ओळखीची नसे. तोरा वर्षभरात वाचून पुरा करायचा, दर आठवड्याला एक भाग, अशी ज्यूंची रीत. म्हणून पत्रावर ‘अमुक भागाच्या आठवड्यातला बुधवार’ असे लिहीत, आणि वर्ष अंकांऐवजी अक्षरांनी दाखवीत. मग मायना. आपल्याकडे ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असा घोळदार मायना असे ना, तसाच तिकडेही; ज्ञानाचा सागर, पिढीचा दीप, वगैरे. सही करताना मात्र उलट. मोठमोठे पंडित स्वतःच्या नावामागे ‘लहान’ असे लिहीत.

मजकुराचीही एक शिस्त होती. आधी प्रश्न पुन्हा थोडक्यात मांडायचा, म्हणजे तो आपल्याला नीट कळला की नाही हे समोरच्याला पाहता येते. मग जुन्या ग्रंथांतले आधार. मग आधारांमधले विरोध आणि त्यांची संगती. शेवटी निर्णय. नुसते ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे लिहून भागत नसे. कारण द्यावे लागे. आणि कारण एकदा कागदावर आले की दुसऱ्याला ते तपासता येई, खोडूनही काढता येई.

पत्र टपालात टाकण्याआधी त्याची नक्कल वहीत उतरून ठेवीत. पुष्कळदा हे काम विद्यार्थी करीत, आणि नक्कल करता करता शिकत. अशा वह्या साठत जात. रब्बी वारला की मुले आणि शिष्य त्या वह्या चाळून पुस्तक छापत. छापताना खऱ्या माणसांची नावे गाळून रूबेन, शिमोन, लेआ अशी ठरावीक नावे घालायची पद्धत होती; आपण ‘अमका-तमका’ म्हणतो तशी. त्यामुळे पुस्तकात माणसाची अडचण राही आणि त्याची अब्रू झाकली जाई.

टपालाची गोष्टही ध्यानात ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पत्र घोडागाडीने किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर जाई. हंगेरीत पहिली आगगाडी १८४६ मध्ये पेश्ट ते वात्स अशी धावली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात तिकिटे १८५० मध्ये आली, आणि जगातले पहिले पोस्टकार्ड निघाले तेही याच साम्राज्यात, १८६९ मध्ये. धर्मशास्त्राचा खल पुढे पोस्टकार्डावरही होऊ लागला. टपाल वाढले तशी पत्रे वाढली, आणि एखाद्या आडगावच्या रब्बीला मोठ्या पंडिताचे मत आठवड्या-दोन आठवड्यांत मिळू लागले.

एक साधे उदाहरण घेऊ. ज्यूंचा काडीमोड लेखी असतो. त्या कागदावर नवरा-बायकोची नावे आणि गावाचे नाव अचूक लागते. गाव कोणत्या नदीकाठी आहे हेही लिहितात. अक्षर चुकले तर कागद रद्द होण्याची भीती, आणि कागद रद्द तर बाईचे दुसरे लग्न धोक्यात. हंगेरीत तर एकाच गावाला जर्मन नाव वेगळे, हंगेरियन वेगळे, स्लोव्हाक वेगळे. मग कोणते लिहायचे, आणि हिब्रू अक्षरांत कसे? सातबाऱ्यावर नाव चुकले म्हणजे काय हेलपाटे पडतात ते आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. गावाच्या नावातल्या एका अक्षरासाठी रब्बींनी पानेच्या पाने लिहिली, ती याच काळजीने.

आता या पत्रव्यवहाराच्या मध्यावर जो माणूस होता त्याच्याकडे वळू. मोशे सोफर हे त्याचे नाव. जन्म १७६२, जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात. १८०६ मध्ये तो प्रेसबुर्गचा रब्बी झाला आणि १८३९ मध्ये वारला तो तिथेच. डॅन्यूब नदीवरचे हे शहर त्या वेळी हंगेरीच्या राज्यात होते. आज ते ब्रातिस्लाव्हा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. सोफर म्हणजे लेखक, नक्कलनवीस. नाव सार्थ ठरले. त्याची एक हजारावर उत्तरे पुढे छापली गेली, आणि त्या ग्रंथांच्या नावावरून लोक त्यालाच ‘खताम सोफर’ म्हणू लागले. त्याच्या पाठशाळेत शेकडो विद्यार्थी शिकत, आणि शिकून हंगेरीभर रब्बी होत. अडचण आली की ते कुणाला लिहिणार? गुरूलाच. अशी ही पत्रांची जाळी विणली गेली.

तो काळ मोठ्या घालमेलीचा होता. जर्मनीत सुधारणेचे वारे सुटले होते. प्रार्थना जर्मन भाषेत व्हावी, प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजावा, पोशाख बदलावा, अशा मागण्या होत होत्या. १८१८ मध्ये हॅम्बुर्गला तसे मंदिर उघडलेही. हंगेरीत आराद गावचा रब्बी आरोन खोरिन सुधारकांच्या बाजूला गेला. खताम सोफर विरोधात ठाम उभा राहिला. त्याची एक घोषणा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नवान्न झाल्याशिवाय नवे धान्य खात नाहीत ना, तसाच ज्यूंचा एक जुना नियम आहे: वल्हांडणातला ठराविक दिवस उलटेपर्यंत नवे धान्य निषिद्ध. खताम सोफरने त्यातला ‘नवे’ हा शब्द धान्यावरून उचलून सगळ्याच नव्या चालींवर लावला. नवे ते निषिद्धच, असा त्याचा श्लेष. तेव्हापासून इतिहासात त्याचे चित्र उभे राहिले ते असे: दारात आडवा उभा असलेला म्हातारा, कुणालाही आत न सोडणारा.

चित्र खोटे नाही. पण पुरे आहे का? एकाच वर्षातली, १८३७ सालची, त्याची दोन पत्रे शेजारी ठेवून पाहू. दोन्ही प्रश्नांच्या मागे डॉक्टर होते.

पहिला प्रश्न मरणाचा. ज्यूंमध्ये मृताला शक्यतो त्याच दिवशी पुरतात. पण अठराव्या शतकात युरोपभर एक धास्ती पसरली होती की, मेला असे समजून जिवंत माणूस पुरला जातो की काय. १७७२ मध्ये जर्मनीतील मेक्लेनबुर्ग-श्वेरीनच्या ड्यूकने हुकूम काढला की ज्यूंनी तीन दिवस थांबावे. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन याचे मत पडले की थांबणे धर्माविरुद्ध नाही. पासष्ट वर्षांनी गॅलिशियातील झोल्किएव गावचे विद्वान रब्बी झ्वी हिर्श खायेस यांनी हा विषय खताम सोफरपुढे मांडला. उत्तर आले ते कडक. माणूस दगडासारखा निश्चल पडला, नाडी लागत नाही, आणि श्वास थांबला, की शास्त्राप्रमाणे मरण झाले. त्यानंतर प्रेत ठेवून घेणे हा मृताचा अनादर आहे. साम्राज्याच्या कायद्यामुळे थांबण्याची सवय लोकांना लागली आणि सवयीलाच ते शास्त्र समजू लागले, असेही त्याने बजावले.

दुसरा प्रश्न जन्माचा. मुलगा आठ दिवसांचा झाला की ज्यू त्याची सुंता करतात. त्यानंतर जखमेतले रक्त तोंडाने शोषून काढण्याची जुनी रूढी होती. व्हिएन्नाचे रब्बी एलाझार होरोविट्झ हे खताम सोफरचेच शिष्य. त्यांनी गुरूला कळवले की, सुंतेनंतर काही बालकांच्या अंगावर फोड उठून ती आजारी पडत आहेत, आणि डॉक्टरांचा संशय या तोंड लावण्यावर आहे. तोंडाऐवजी स्पंजाने रक्त टिपले तर चालेल का?

नवे ते निषिद्ध म्हणणारा माणूस काय उत्तर देणार, असे कुणालाही वाटेल. त्याने लिहिले की चालेल. आणि कारण कसे दिले पाहा. रक्त काढा असे तालमूद सांगतो ते कशासाठी? बाळाला धोका होऊ नये म्हणून. म्हणजे हा उपाय वैद्यकाचा आहे. तोंडानेच काढा असे त्यात कुठे म्हटलेले नाही. मग ज्या उपायाने बाळ वाचावे, त्याच उपायाने ते दगावत असेल, तर साधन बदलण्यात नियमाचा भंग होत नाही. उलट नियमाचा हेतू राखला जातो.

दोन्ही पत्रे एकाच टाकाची. एकात तो तसूभर हलला नाही, दुसऱ्यात सहज वाट दिली. घोषणा सर्वांना उद्देशून असते, पत्र एका माणसाला. घोषणेत शत्रू दिसतो, पत्रात आजारी मूल. खताम सोफरला जाणायचे तर घोषणा वाचून भागणार नाही. पत्रे वाचली पाहिजेत.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८३९ मध्ये तो वारल्यानंतर, १८४१ पासून, उत्तरांचे खंड प्रेसबुर्गला छापून निघू लागले. स्पंजाचे पत्र त्यांत आले नाही. ते प्रसिद्ध झाले १८४५ मध्ये, व्हिएन्नाच्या एका हिब्रू नियतकालिकात. सुधारकांना आनंद झाला, परंपरेच्या बाजूची मंडळी अडचणीत आली. खताम सोफरचे आणखी एक थोर शिष्य मोझेस शिक. ते आधी प्रेसबुर्गजवळच्या सेंट जॉर्जेन गावी आणि १८६१ पासून हुस्त गावी रब्बी होते. त्यांनी लिहिले की ती परवानगी त्या वेळेपुरती, त्या प्रसंगापुरती होती, कायमची नव्हे. पुढे काहींनी तर पत्राच्या खरेपणावरच शंका घेतली. आजही त्यावर वाद चालू आहे.

शिक्षकांनी ही गोष्ट मनाशी धरण्यासारखी आहे. छापील ग्रंथात जे आहे तेवढेच माणूस बोलला असे नसते. काय छापायचे आणि काय पेटीत ठेवायचे, हे मागे उरलेले लोक ठरवतात. हस्तलिखित पत्राला इतिहासात मोल आहे ते यासाठी.

या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत जास्त काळजी कुणाची दिसते, तर ‘आगुना’ स्त्रीची. आगुना म्हणजे बांधून पडलेली. ना सधवा, ना विधवा. नवरा परमुलखी गेला, लढाईत गेला, नदीत गेला, आणि परत आला नाही. मेल्याचा पुरावा नाही, तोवर ती दुसरे लग्न करू शकत नाही. नियम कडक का, तर चूक झाली तर परिणाम भयंकर. दुसरे लग्न झाल्यावर पहिला नवरा परत आला, तर बाईला दोन्ही घरे सोडावी लागत; आणि दुसऱ्या घरची मुले शास्त्राने अशा कोटीत जात की समाजात त्यांची लग्ने होणे मुश्किल. तेव्हा रब्बीने घाईने ‘हो’ म्हटले तरी एक घर बुडाले, आणि ‘नाही’ म्हटले तर एक तरुण बाई जन्मभर अडकली.

म्हणून जुन्या शास्त्रकारांनीच इथे साक्षीचे नियम सैल केले होते. एरवी दोन साक्षीदार लागत, इथे एकही चाले. बाईची स्वतःची साक्षही चाले. परधर्मी माणूस बोलता बोलता सहज काही सांगून गेला तर तेही धरत. मात्र ओळख पटण्याच्या अटी बारीक होत्या. प्रेत नाकासकट चेहऱ्यावरून ओळखले पाहिजे, आणि तेही तीन दिवसांच्या आत. पुढे चेहरा बदलतो. पाण्याचा तर खास नियम. ज्या पाण्याचे चारी काठ नजरेत येतात, उदाहरणार्थ तळे, त्यात माणूस बुडाला आणि वर आला नाही, तर तो मेला असे धरायचे. ज्याचे काठ दिसत नाहीत त्या पाण्यात बुडालेला कुठेतरी दूर बाहेर पडलाही असेल, म्हणून थांबायचे. आता डॅन्यूब आणि तिसा या हंगेरीच्या नद्या वाहत्या आणि रुंद. तेव्हा मिश्नेतले हे दोन वाक्यांचे पाणी रब्बींच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते.

अशा पत्रात माणसाचे सगळे तपशील असत. सदरा कसला होता, अंगावर कुठे व्रण होता, कोणत्या सरायीत शेवटचा दिसला, गाडीवानाने नेमके काय शब्द उच्चारले. हे वाचताना शास्त्र बाजूला राहते आणि एक हरवलेला माणूस समोर उभा राहतो.

निर्णय देतानाची रीतही सांगण्यासारखी आहे. रब्बीला वाट सापडली, बाईला मोकळे करता येईल असे वाटले, तरी तो पुष्कळदा शेवटी लिही की, आणखी दोन थोर पंडित सहमत झाले तरच माझे मत धरावे. मग तोच कागद दुसऱ्या गावी, तिथून तिसऱ्या गावी जाई. प्रेसबुर्ग, दुनासेरदाहेय, उंगवार, हुस्त. तिघांच्या सह्या झाल्या की बाई सुटे. कुणी म्हणेल, एवढा उशीर कशाला? पण यात दोन गोष्टी साधत. एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर पडे, आणि एका जिवाचे ओझे तिघे मिळून उचलत.

या पत्रांनी माणसे जोडली तशी ती तोडण्याच्या कामीही आली, हे लपवण्यात अर्थ नाही. १८६५ च्या अखेरीस नागिमिहाय गावी कडव्या रब्बींनी जमून प्रतिज्ञापत्र काढले: जर्मन किंवा हंगेरियन भाषेत प्रवचन नको, गायकवृंद नको, व्यासपीठ मंदिराच्या मधोमधच हवे. सह्यांसाठी कागद गावोगाव फिरले. १८६७ मध्ये हंगेरीच्या ज्यूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले, आणि शिक्षणमंत्री योझेफ ओत्वोश याने त्यांची एक मोठी परिषद पेश्टला भरवली. ती १८६८ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि १८६९ च्या फेब्रुवारीत संपली. एकी व्हावी हा हेतू, झाली दुफळी. सुधारक वेगळे झाले, त्यांना ‘निओलॉग’ म्हणत. परंपरावादी वेगळे झाले, आणि १८७१ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने त्यांची स्वतंत्र संघटना मान्य केली. ज्यांना दोन्हींकडे जायचे नव्हते, त्यांचा तिसरा गट झाला. एका गावात तीन प्रार्थनामंदिरे अशी पाळी आली. या भांडणात मोझेस शिक यांचीही पत्रे आहेत, आणि ती कठोर आहेत. जो माणूस अडकलेल्या बाईसाठी रात्र जागवून वाट शोधी, तोच विरुद्ध पक्षाशी संबंध तोडा म्हणून लिही. माणसाचे मन असे दोन कप्प्यांचे असते.

१९१० च्या सुमारास हंगेरीत ज्यूंची संख्या नऊ लाखांच्या घरात होती. मग पहिले महायुद्ध आले. हजारो शिपाई बेपत्ता झाले, आणि आगुनांच्या प्रश्नांना पूर आला. १९२० च्या तहाने जुन्या हंगेरीचे तुकडे झाले. एकेकाळी एका टपालाखाली असलेली गावे चेकोस्लोव्हाकियात, रोमानियात, ऑस्ट्रियात गेली. पत्रे मात्र सरहद्दी ओलांडून चालूच राहिली.

ती थांबली १९४४ मध्ये. मार्चच्या १९ तारखेला जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे आठ आठवड्यांत, सुमारे ४,३७,००० ज्यूंना मालगाडीच्या डब्यांत कोंबून नेले. बहुतेक सर्व ऑश्विट्झला, आणि त्यांतले बहुसंख्य पोहोचताच मारले गेले. प्रश्न विचारणारे गेले, उत्तर देणारे गेले, वह्या आणि पेट्या मागे उघड्या पडल्या.

त्या छळछावणीत वात्स गावचे रब्बी झ्वी हिर्श मायझेल्स होते. ते वाचले आणि पुढे त्यांनी लिहून ठेवले, म्हणून ही गोष्ट जगाला कळली. १९४४ च्या सप्टेंबरात, ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, मारण्यासाठी निवडलेली सुमारे चौदाशे मुले एका बराकीत कोंडली होती. एक बाप त्यांच्याकडे आला. त्याचा एकुलता एक मुलगा आत होता. पहारेकऱ्यांना लाच देऊन त्याला सोडवता येत होते. पण मुलांची मोजदाद पुरी भरावी लागे. एक सुटला तर त्याच्या जागी दुसरा कुणाचा तरी मुलगा धरून आत टाकणार. बापाने विचारले, शास्त्राप्रमाणे मी माझा मुलगा सोडवू शकतो का?

मायझेल्स यांनी उत्तर द्यायला नकार दिला. ते म्हणाले की, इतक्या भयंकर प्रश्नावर जुन्या काळी महान्यायसभा बसली असती. इथे माझ्याजवळ ग्रंथ नाहीत, ज्याला विचारावे असा दुसरा रब्बी नाही, चित्त ठिकाणावर नाही. बापाने पुन्हा पुन्हा विनवले. शेवटी तो समजला, की रब्बी ‘परवानगी आहे’ असे म्हणू शकत नाहीत, त्या अर्थी परवानगी नाही. त्याने मुलगा सोडवला नाही.

या गोष्टीवर बाहेरच्या माणसाने निवाडा देऊ नये. पण एवढे नक्की दिसते, की त्या अंधारातही एकाला विचारावेसे वाटले, आणि दुसऱ्याला वाटले की एकट्याने, आधाराशिवाय, दुसऱ्याच्या जिवावर निर्णय देणे हा अधिकार आपला नाही. दीडशे वर्षे पत्रे लिहून लिहून जी सवय अंगी बाणली होती, ती पत्रे संपल्यावरही उरली होती.

युद्ध संपल्यावर वाचलेले लोक परतले तेव्हा पहिले प्रश्न पुन्हा तेच: माझा नवरा गाडीतून नेला, परत आला नाही, मी काय करू? नागिवाराद, म्हणजे आजच्या रोमानियातील ओराडिया, येथील रब्बी यिट्झ्खाक याकोव वाइस यांनी आणि त्यांच्यासारख्या उरलेल्यांनी अशा स्त्रियांसाठी निर्णय लिहिले. मिश्नेत पाणी होते. इथे धूर होता. जुन्या नियमांत याला जागा शोधायची होती, आणि त्यांनी ती शोधली.

खताम सोफर जिथे पुरला आहे ते ब्रातिस्लाव्हाचे जुने दफनस्थान १९४० नंतरच्या काळात बोगद्याच्या कामासाठी मोडले गेले. त्याची आणि आसपासची थोडी थडगी तेवढी वाचली. २००२ मध्ये तिथे नवे स्मारक झाले. हस्तलिखिते आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, इतर संग्रहांत आणि वंशजांच्या घरी विखुरलेली आहेत. अभ्यासक ती वाचतात, छापील पाठाशी ताडून पाहतात, गाळलेले पत्र शोधून काढतात. मरणाची तीन लक्षणे सांगणारे १८३७ चे ते पत्र तर, दुसऱ्याचे हृदय माणसात बसवण्याचे शास्त्र निघाल्यानंतर, मेंदू मेला म्हणजे माणूस मेला का या वादात पुन्हा पुन्हा पुढे आणले गेले. लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेल्या प्रश्नाला त्याचे पत्र उत्तर देऊ लागले.

श्रोतेहो, या रब्बींची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. त्यांची एकमेकांनाही पटली नाहीत. पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने तो कारणासह लिहून द्यावा. आपल्याहून जाणत्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. आणि नियम सांगताना, तो कुणाच्या घरात जाऊन पडणार आहे, हे डोळ्यांपुढे ठेवावे. पंचायतीच्या पंचाला हे लागू आहे, शाळेच्या गुरुजींना आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाही आहे.